ट्रॅड आहे, राव! : एका सिनेमाच्या मराठी सबटायटल्सच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

काम ठरलं. आमच्या नगरच्या फिल्म मंडळात फेब्रुवारीत 'इट्स ट्रॅड, डॅड!' दाखवायचा, आणि त्याची मराठी सबटायटल्स मी करायची. १९६२ चा ब्रिटिश सिनेमा, कृष्णधवल, ७८ मिनिटांचा. रिचर्ड लेस्टरचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट.

बैठकीत विचारणा झालीच, की हाच कशाला? दोन वर्षांनी लेस्टरनं बीटल्सना घेऊन 'अ हार्ड डेज नाइट' केला, तो दाखवू, लोक तरी येतील. मी हट्ट सोडला नाही. बीटल्सच्या सिनेमात ज्या गोष्टींचं जग कौतुक करतं, त्यांतल्या कितीतरी त्यानं आधी इथे करून पाहिल्या आहेत, त्याही पन्नास-साठ हजार पौंडांत आणि तीन आठवड्यांच्या चित्रीकरणात. शिवाय लेस्टरकडे जाणारी एक वाट थेट आपल्या गावातून निघते. स्पाइक मिलिगनचा जन्म १६ एप्रिल १९१८ चा, अहमदनगरचा. वडील ब्रिटिश लष्करात, म्हणून. त्याचं लहानपण पुण्यात आणि रंगूनला गेलं. पुढे बीबीसी रेडिओवरच्या 'द गून शो'नं त्यानं ब्रिटिश विनोदाची चाल बदलली. त्याच्या आणि नट पीटर सेलर्सच्या सोबतीनं लेस्टरनं १९५९ मध्ये ११ मिनिटांचा एक लघुपट केला. दोन रविवार, एक शेत, सेलर्सचा १६ मिलिमीटरचा कॅमेरा, एकूण खर्च ७० पौंड. त्यातले ५ पौंड शेताच्या भाड्याचे! त्या लघुपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुढे बीटल्सनी लेस्टरला पसंत केलं त्यामागेही तोच होता.

मिलिगन आपल्या सिनेमात नाही, हे मंडळाच्या पत्रकात स्पष्ट लिहायचं. नाहीतर लोक त्याला शोधत बसतील.

१२ नोव्हेंबर

चुलत बहिणीनं इंग्लंडहून आणलेली डीव्हीडी दोनदा पाहिली. हेलन आणि क्रेग ही दोन मुलं एका नव्यानं वसलेल्या गावात राहतात. हेलन शपिरो आणि क्रेग डग्लस, दोघं आपापल्या खऱ्या नावानंच वावरतात. कॉफी बारमध्ये ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून गाणं ऐकायच्या यंत्रावर, ट्रॅड जॅझ (जुन्या पद्धतीचं जॅझ) वाजतं, पोरं नाचतात, ते थोरामोठ्यांना खपत नाही आणि ज्यूकबॉक्सवर गदा येते. मग ही दोघं लंडनला टेलिव्हिजनच्या स्टुडिओत जातात. हेतू असा, की कुणीतरी नामवंत निवेदक गाठायचा, त्याच्या ओळखीनं मोठमोठे बँड आपल्या गावात आणायचे आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची. रस्ते अडवले जातात, तरी बस पोचते, कार्यक्रम होतो.

गोष्ट एवढीच. हारातल्या दोऱ्याइतकी. फुलं म्हणजे गाणी, दोन डझनांच्या आसपास. संगीत नाटकाला जाणारे आपले आजोबा-पणजोबा कथानकासाठी थोडेच जायचे! पद कधी येतं याची वाट बघायचे. त्या नजरेनं पाहिलं की हा सिनेमा उणा वाटत नाही.

निर्माता-लेखक मिल्टन सुबोत्स्की, हा मूळचा अमेरिकन. पुढे ॲमिकस या कंपनीच्या भयपटांमुळे त्याचं नाव झालं. त्यानं लेस्टरला २४ पानं पाठवली होती. लेस्टरला वाटलं हा आराखडा आहे, पटकथा मागून येईल. ती २४ पानं हीच पटकथा होती. उरलेली जागा लेस्टरनं आपल्या डोक्यानं भरली.

१५ नोव्हेंबर

शब्दांचे पहिले निर्णय. लिहून ठेवते, पुढे विसरायला होतं.

मेयर. 'महापौर' म्हटलं की मुंबई-पुण्याची महानगरपालिका डोळ्यांपुढे येते. इथे गाव छोटं, नगरपरिषदेएवढं. म्हणून 'नगराध्यक्ष'. फेलिक्स फेल्टननं ज्या तोऱ्यात ती भूमिका केली आहे, तिला हा शब्द चपखल बसतो.

कॉफी बार. तसंच ठेवायचं. 'हॉटेल' म्हटलं तर इराण्याचं हॉटेल आठवेल, आणि नाणं टाकून गाणं ऐकायचा ज्यूकबॉक्स तिथेही असायचाच. पण त्या काळच्या लंडनच्या कॉफी बारची गंमत वेगळी होती. दारू नाही म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना बसायला मोकळीक. सोहोमधल्या ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवरच्या 'टू आइज' नावाच्या अशाच एका तळघरातल्या जागेतून टॉमी स्टील पुढे आला. १९५७ मध्ये त्याच्या आयुष्यावर सिनेमाही निघाला आणि अशा स्वस्तातल्या गाण्यांच्या सिनेमांची रांग लागली.

डिस्क जॉकी. इथे अडले. 'डीजे' म्हटलं की आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. सिनेमात डेव्हिड जेकब्स, पीट मरे आणि ॲलन फ्रीमन हे तिघे खरेखुरे लोकप्रिय आवाज आहेत. जेकब्स तर बीबीसीवरच्या 'ज्यूक बॉक्स ज्युरी'चा सूत्रसंचालक होता. आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना बिनाकाचे अमीन सायानी आठवले पाहिजेत. म्हणून 'निवेदक'.

१६ नोव्हेंबर

कालचा 'निवेदक' आज पेचात पडला. या सिनेमाला पडद्यामागून बोलणारा एक आवाजही आहे, डेरिक गायलरचा. त्यालाही निवेदकच म्हणायचं का? आणि तो नुसता गोष्ट सांगून थांबत नाही. पात्रं अडचणीत आली की थेट त्याच्याशी बोलतात, मदत मागतात, आणि तो त्यांना एका झटक्यात दुसरीकडे नेऊन ठेवतो.

संध्याकाळी भाजी निवडताना शब्द सापडला: सूत्रधार! नाटकात पात्रांशी बोलणारा, त्यांना हाकणारा, प्रेक्षकांनाही सांगणारा असा माणूस आपल्याकडे शतकानुशतकं रंगमंचावर उभाच आहे. १९६२ च्या समीक्षकांना जे चक्रम वाटलं असेल, ते तमाशाचा वग पाहिलेल्या माणसाला अगदी ओळखीचं वाटेल. सूत्रधार तो सूत्रधार, निवेदक ते निवेदक. सुटलं.

२१ नोव्हेंबर

शीर्षक. आठवडाभर याच्याशीच झटापट चालली आहे.

'ट्रॅड' म्हणजे ट्रॅडिशनल जॅझ, न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या पद्धतीचं. ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन एकाच वेळी एकमेकांत गुंफलेले, खाली बँजो, बास आणि ड्रम्स. अमेरिकेत ते मागे पडलं होतं. इंग्रज पोरांनी जुन्या तबकड्या ऐकून ते पुन्हा उभं केलं आणि १९६१ च्या सुमारास ते थेट लोकप्रिय गाण्यांच्या यादीत घुसलं. याचं भाषांतर करायचं नाही. 'पारंपरिक' म्हटलं की ढोल-लेझीम समोर येतं.

'डॅड'मध्ये मात्र बाप नाही. त्या वेळची पोरं एकमेकांना अशी हाक मारायची. भाचा म्हणाला, "मावशी, 'बाबा' चालेल की. आपण नाही का म्हणत, हो रे बाबा?" चालेल, पण 'बाबा'मध्ये थोडा कंटाळा आहे, समजूत घालणं आहे. मूळ हाकेत उत्साह आहे, आपल्या टोळीतल्या माणसाला दिलेली टाळी आहे. नगर-पुण्याकडे यासाठी हाताशी असलेला शब्द एकच: राव. "काय वाजवलंय, राव!" त्यात वय नाही, नातं नाही, बाईला म्हटलं तरी चालतं. इंग्रजीतलं यमक गेलं, त्याची हळहळ आहे, पण हाक राहिली.

ट्रॅड आहे, राव!

२२ नोव्हेंबर

हाकांवरूनच आणखी एक. सिनेमातला क्लॅरिनेटवाला ॲकर बिल्क, त्याचं खरं नाव बर्नार्ड. 'ॲकर' हा सॉमरसेटकडच्या बोलीतला शब्द, अर्थ दोस्त, गडी. म्हणजे गावानं दिलेली हाकच त्याच्या तबकड्यांवर छापली गेली. श्रेयनामावलीत नाव तसंच ठेवते, पण कार्यक्रमाआधी बोलताना हे सांगायचं.

१ डिसेंबर

पूर्ण संवादांचा पहिला खर्डा झाला. आता गाणी.

मी सगळ्या गाण्यांच्या ओळी मराठीत करायला घेतल्या होत्या. हेलनची दोन्ही झाली. हेलन शपिरोचा आवाज ऐकून थक्क व्हायला होतं. १९६१ मध्ये, वयाची पंधरा वर्षं होता होता, या मुलीची लागोपाठ दोन गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. आवाज इतका खर्जातला, की शाळेत पोरं तिला 'फॉगहॉर्न' म्हणायची, म्हणजे धुक्यात जहाजं वाजवतात तो भोंगा. १९६३ च्या सुरुवातीला तिच्या दौऱ्यात आधी गाऊन जाणाऱ्या मंडळींमध्ये बीटल्स होते.

ओळी बसवून पाहिल्या आणि जीव खट्टू झाला. भाषांतर वाईट नाही, पण पडद्यावर ते आडवं येतं. का, ते उद्या शांतपणे बघते.

२ डिसेंबर

कारण कळलं.

गाणं आधी ध्वनिमुद्रित झालेलं असतं. चित्रीकरणाच्या वेळी ते लावतात आणि गायक ओठ हलवतो. हे आपल्याला सांगायला नको, आपला अख्खा सिनेमा प्लेबॅकवर वाढला. पण लेस्टर टेलिव्हिजन आणि जाहिरातींतून आलेला. त्यानं गाण्यांवर एकाहून जास्त कॅमेरे लावले. ध्वनी ठरलेला असल्यानं कुठल्याही कॅमेऱ्यातला तुकडा कुठेही जोडता येतो. मग तो बँजोच्या तारांवरून थेट टाळ्या देणाऱ्या हातांवर जातो, तिथून ट्रम्पेटच्या तोंडात, तिथून कुणाच्या तरी चष्म्यावर. आणि हे सगळं ठेक्यावर.

सबटायटल वाचायला नजर खाली जाते. तेवढ्यात वर चित्र बदलतं. चित्र बदललं आणि ओळ तीच राहिली, तर डोळा ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचतो. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. म्हणून शक्यतो ओळ कटच्या, म्हणजे चित्र बदलतं त्या जागेच्या, पलीकडे जाऊ द्यायची नाही असा आमचा नियम. इथे तो पाळायचा तर एकेक शब्द दाखवावा लागेल. म्हणजे माझ्या मराठीपायी बघणाऱ्याला नेमकं तेच दिसणार नाही, ज्याच्यासाठी हा सिनेमा दाखवायचा.

छायाचित्रण गिल्बर्ट टेलरचं आहे. 'अ हार्ड डेज नाइट' त्याचाच, आणि १९७७ चा 'स्टार वॉर्स'ही. जीन मॅकडॅनियल्सच्या गाण्यात काळोख, चेहऱ्याच्या एका कडेवर उजेड, सिगारेटचा धूर, एवढंच आहे. त्या धुरावर मी पांढरी अक्षरं कशी लिहू?

निर्णय: गाण्यांना सबटायटल्स नाहीत. एकालाही नाही.

३ डिसेंबर

हेलनची दोन भाषांतरं काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवली. वाईट वाटलं.

१४ डिसेंबर

आमच्या गल्लीतले बँडमास्तर आज घरी आले. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं, आता दातांमुळे थांबलेत. त्यांना फक्त गाणी दाखवली.

केनी बॉलच्या ट्रम्पेटला मान डोलली. ख्रिस बार्बरच्या बँडबरोबर ऑटिली पॅटरसन गायली तेव्हा म्हणाले, "ही बाई बँडच्या वर नाही गात, बँडच्या आतून गाते." उत्तर आयर्लंडची ही मुलगी ब्लूज कुठून शिकली असेल, असं मला नेहमी वाटत आलं आहे. मास्तरांना तो प्रश्न पडला नाही. टेम्परन्स सेव्हन आले. नावात सात, माणसं नऊ, १९२० च्या सालातला थाट आणि भोंग्यातून गाणं. मास्तर खळखळून हसले.

बिल्क आला तेव्हा मात्र ते पुढे सरकून बसले. गोल टोपी, जाकीट, आणि खालच्या सुरांतला तो भरदार, थरथरता आवाज. मी सांगितलं, की हा क्लॅरिनेट शिकला तो सैन्यात, सुवेझ कालव्याच्या भागात. पहाऱ्यावर झोप लागली म्हणून तीन महिन्यांची शिक्षा झाली, त्या काळात. आणि शाळेतल्या मारामारीत पुढचे दोन दात गेले होते, एका बोटाचा तुकडाही लहानपणीच गेला होता.

मास्तर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दात नसताना असा धरतो व्हय मुखपट्टीला. परत लाव बरं."

परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ते म्हणाले, "पण तुमची रेकॉर्ड चढलीये. आख्खी. कुठल्याच पट्टीत बसंना." मी पेटी काढून दिली. खरंच! हा सूर कुठल्याच पट्टीवर सापडेना, दर वेळी दोन पट्ट्यांच्या मधोमध पडे.

१५ डिसेंबर

मास्तरांचा कान बरोबर होता, आणि त्यातून माझी मोठी चूक सापडली.

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चालतो. युरोपातली जुनी टेलिव्हिजन पद्धत, जिला पाल म्हणतात, ती २५ नं चालते. डीव्हीडी त्या पद्धतीची. सिनेमा तिच्यावर आणताना चौकटी त्याच ठेवून थोडा वेग वाढवतात. चार टक्क्यांचा फरक, बघताना कळत नाही. पण ७८ मिनिटांचा सिनेमा ७५ मिनिटांच्या आत संपतो आणि सूर साधारण पाऊण पट्टी वर चढतो. म्हणजे दोन पट्ट्यांच्या मध्ये, मास्तर म्हणाले तसाच. हेलनचा खर्ज मी इतके दिवस पातळ करून ऐकत होते.

कुठली ओळ कधी दिसावी याची माझी सगळी वेळापत्रकं याच डीव्हीडीवर बांधलेली. प्रदर्शनासाठी परवानगीसह येणारी प्रत २४ ची असणार. पहिली ओळ जुळेल, दहाव्या मिनिटाला साधारण पंचवीस सेकंदांचा घोळ, आणि शेवटी शेवटी तीन मिनिटांचा. नगराध्यक्षांच्या तोंडी हेलनची वाक्यं.

उपाय सोपा आहे. प्रत्येक वेळेला २५ भागिले २४ नं गुणायचं. भाच्यानं दहा मिनिटांत करून दिलं. पण आधी कळलं नसतं तर?

२८ डिसेंबर

प्रत आली. पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून पाहिली. ओळी जुळतात. मास्तरांना फोन केला आणि पेटी जवळ धरून बिल्क ऐकवला. "आता बसला," म्हणाले.

५ जानेवारी २०२५

अक्षरांची कटकट. सभागृहातल्या जुन्या संगणकावर 'ॲकर' आणि 'ॲलन' यांच्या जागी चौकोन. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीच्या फाँटमध्ये ते नाहीच. 'ऍ' वापरला तर दिसतं, पण मराठी डोळ्याला ते खुपतं. आमचा फाँट सोबत नेऊन बसवायचा ठरलं. वरच्या मात्रा-वेलांट्याही कापल्या जात होत्या, ओळींमधलं अंतर वाढवलं.

११ जानेवारी

पत्रकाचा मजकूर लिहिताना मनात आलेलं.

ट्रॅडची लाट ओसरत चालली हे लेस्टरला कळलं होतं असं वाटतं. ट्विस्ट या नव्या नाचाची हवा सुरू झाली होती. चबी चेकरचं 'द ट्विस्ट' अमेरिकेत १९६० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि जानेवारी १९६२ मध्ये पुन्हा एकदा गेलं. तर न्यूयॉर्कला जाऊन चेकर आणि आणखी काही अमेरिकन गायकांची गाणी चित्रित करून आणली आणि सिनेमात बसवली. काळ्या चामड्यात वावरणारा जीन व्हिन्सेंट इथे पांढऱ्या कपड्यांत आहे. नाव ट्रॅडचं, आणि आत जे जे वाजत होतं ते सगळं. अमेरिकेत तर नावच बदललं, 'रिंग-ए-डिंग ऱ्हिदम!' केलं.

वर्ष-दीड वर्षात बीटल्स आले आणि ट्रॅडचे बँड यादीतून दिसेनासे झाले. या माणसांना ऐन भरात, भल्या उजेडात, जवळून पाहायचं तर हा सिनेमा हवा. तो घाईघाईनं, हंगाम साधायला काढला होता हे खरं. पण म्हणूनच हंगाम त्यात सापडला. दोन वर्षं पैसे जमवत बसले असते तर चित्रित करायला कुणी उरलं नसतं.

हा परिच्छेद पत्रकात घेतला.

१ फेब्रुवारी

उद्या. फाँट, फाइल, जादा पेन ड्राइव्ह, पाण्याच्या बाटल्या. मास्तरांना रिक्षा.

२ फेब्रुवारी

झालं. साठ-सत्तर माणसं होती. 'सूत्रधार' शब्द पहिल्यांदा आला तेव्हा मागच्या रांगेतून पसंतीचा आवाज आला. 'राव'ला टाळी. गाण्यांच्या वेळी मी पडद्याकडे पाहिलं नाही, लोकांकडे पाहत राहिले. नजरा वरच होत्या, चित्रावर. बिल्कच्या वेळी मास्तरांची बोटं गुडघ्यावर चालली होती.

संपल्यावर एक आजी हळूहळू माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "बाई, छान होतं. पण तो एकटाच अंधारात बसून गात होता ना, सिगारेटवाला, त्याला काय झालं होतं? तेवढं कळलं नाही."

मी सांगितलं, त्याची प्रेयसी त्याला सोडून गेलीये. "अगं बाई," म्हणाल्या, आणि तिथल्या खुर्चीत बसल्या. "मग मी ते परत बघितलं असतं."

३ फेब्रुवारी

रात्रभर आजींचा प्रश्न डोक्यात होता. बँडच्या गाण्यांबद्दल माझा निर्णय अजूनही तोच आहे. तिथे शब्दांची गरज नाही. मॅकडॅनियल्सच्या गाण्यात मात्र कट जवळपास नाहीत, कॅमेरा थांबलेला आहे. माझा नियम ठेक्यावर कापलेल्या गाण्यांसाठी होता, तो मी सगळ्यांनाच लावला.

बदल: त्या गाण्याला, आवाज सुरू होण्याआधी, पडदा काळा असताना एकच ओळ. 'ती गेली आहे.' अडीच सेकंद. मग काही नाही.

हेलनच्या दोन गाण्यांची फाइलही परत उघडली आहे. एकात एक लांब शॉट आहे, तिथे दोन ओळी मावतील असं दिसतं. आजींचा पत्ता मंडळाच्या वहीत आहे. नवी प्रत तयार झाली की त्यांच्या घरी लॅपटॉप घेऊन जायचं ठरवलंय.